सातव्या दिवशी घरीच येतेय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधीच सांगून टाकते, रजा मंजूर झाली आहे. माघी एकादशी उरकली की सोमवारी पुण्याहून निघते. करमाळा, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, आणि सातव्या दिवशी सोलापूर. एसटीने, एकटीच. शेवटचा थांबा आपलंच घर आहे, हे रागावण्याआधी लक्षात घ्या.

माघीनंतर अशासाठी, की वारीत पंढरपुरात खोली मिळणं मुश्कील, मिळाली तरी भाव चढलेले. एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास काढायचं तुम्हीच सुचवलंत. हिशोब केला बाबा. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पंढरपूर-सांगोला जेमतेम तीसेक किलोमीटर. एवढ्याएवढ्याशा टप्प्यांना पास महागच पडतो. सुट्टे मात्र लागतात, म्हणून दहा-वीसच्या नोटा वेगळ्या काढल्यात. रेंज गेली की फोनमधले पैसे असून नसल्यासारखे.

चारच्या आत मुक्कामाचं गाव गाठायचं, हे पक्कं. गाडी वाटेत बंद पडली तरी पुढची उजेडात मिळते. स्टँडवरच्या रंगवलेल्या वेळापत्रकावर विसंबणार नाही, कंट्रोलरला खिडकीशी जाऊन विचारेन. आणि शेवटची गाडी कधीच धरायची नाही, तिच्या आधीची. शेवटची रद्द झाली तर मागे काहीच उरत नाही.

लॉज स्टँडजवळचं, कुटुंबं उतरतात असं, खोली पहिल्या मजल्यावर. पैसे देण्याआधी दार आतून लावून कडी जोरात ओढून पाहायची. कडी जाड असते, पण कोयंडा दोन ढिल्या स्क्रूंवर लटकत असतो. तसं दिसलं तर खोली बदलून घेईन. दाराखाली सारायला रबरी पाचर घेतलीय. आधारच्या झेरॉक्सवर तारीख आणि 'फक्त मुक्कामासाठी' असं आडवं लिहून देईन.

आता तुमच्या कामाचं. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवेन. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, मग आपोआप बंद होतं. रेंज गेली की तो ठिपका होता तिथेच गोठतो. म्हणजे भीमेकाठच्या माचणूरच्या अलीकडे ठिपका तासभर हलला नाही, तर मी नदीत पडलेली नसते ग आई! ठिपक्याकडे टक लावून बसू नका. रात्री आठला फोन करेन. साडेआठपर्यंत आला नाही तर लॉजच्या नंबरवर करा, तो रोज पोचल्यावर पाठवते. मामाला मध्ये आणू नका.

आई, खाण्याचं विचारशीलच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतलीय, तीही तूच पाठवलेली. पाणी दोन लिटर भरून, कारण बोअरचं मचूळ पाणी मला सोसत नाही. ओआरएसची चार पाकिटं आहेत. स्टँडवरच्या बाथरूममध्ये जावं लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं, हा तुझा जुना उद्योग मी करणार नाही. तूही करू नकोस. लहानपणी माझं बोट धरून तू तिथल्या दारात उभी राहायचीस, ते आठवतंय. आता दार मीच बघते.

तुझं इन्सुलिन फ्रीजच्या दारातून काढून मधल्या कप्प्यात ठेव. दार सारखं उघडतं, तिथे गारवा टिकत नाही. बर्फाच्या कप्प्याला चिकटवूही नकोस, गोठलं की टाकूनच द्यावं लागतं. बाबा, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना नाही. पेपर वरच मागवा. दोघं नीट जेवा, माझ्या काळजीत उपास नकोत.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणते, पाच किलो. त्याहून जास्त पाठीवर पेलणार नाही. माचणूरला घाटावर तासभर थांबेन. फाट्यावर जलद गाडी थांबवतीलच असं नाही, म्हणून साध्या गाडीने, आणि कंडक्टरला चढतानाच सांगेन.

हत्तरसंग कुडलला मात्र एकटी जाणार नाही. शके 940 चा तो मराठी शिलालेख बाबांनीच वाचून दाखवायचा. गाडी सांगून ठेवा, पुढच्या सोमवारी सकाळी सातची. आई, तूही.

तुमची,
ठकी