ऑप्टिमस नावाचा प्रायमस

म्हापसा,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी माळ्यावर होतो, म्हणून उचलला नाही. रागावू नकोस. माटोळीची, गणपतीच्या वर फळं टांगायची ती चौकट परत वर ठेवत होतो, तर कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी पायाला लागलं. सोडून बघतो तर आपला प्रायमस, रॉकेलचा स्टो! पणजी शहरात शिकताना आपण राहायचो त्या खोलीतला. तुझ्या भुवया जाळणारा.

पार काळा पडला होता. एक पाय वाकडा (तो तू आपटून वाकवलास, मी विसरलेलो नाही). परसात आंबट बिंबली लगडलीय, चार-सहा ठेचल्या, वर मीठ टाकलं आणि घासायला बसलो. ही म्हणाली, "भंगारात द्यायच्या वस्तूला कसली एवढी आंघोळ!" अर्ध्या तासात पितळ उघडं पडलं आणि टाकीवर अक्षरं दिसायला लागली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. दत्ता, हा प्रायमस नाहीच. ऑप्टिमस आहे! पुढे 'मेड इन स्वीडन'.

आता बोल. आमच्या घरात तीन पिढ्या ह्याला प्रायमस म्हणत आल्या. आजीच्या तोंडी तर स्टो हा शब्दच नव्हता. "प्रायमस पेटव गो, चहा ठेव," एवढंच. आजोबांनी तो गोव्यात पोर्तुगीज असताना, भारताच्या नाकेबंदीच्या दिवसांत पणजीत घेतला. 1955 पासून भारताकडून माल येणं बंद, रेल्वेही बंद, पण मुरगावला बोट लागली की बटाटे हॉलंडचे आणि सिमेंट जपानचं. मग स्टो स्वीडनचा आला तर नवल काय? आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांनी ती अक्षरं नक्की वाचली असणार. पण आजीला दुरुस्त कोण करणार? ते गालातल्या गालात हसून म्हणायचे, "प्रीमु म्हणजे चुलतभाऊ." आम्हाला वाटायचं, म्हातारा पोर्तुगीज पाजळतोय. आता कळतंय, त्यांना काय म्हणायचं होतं.

कारण हे दोघे खरोखरच चुलतभाऊ. चार दिवस ह्याच नादात आहे, म्हणून थोडं सहन कर. खरा प्रायमस 1892 चा, स्टॉकहोमचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाचा कारखान्यातला मेकॅनिक. रंग जाळायला, डाग द्यायला हातातला दिवा असतो ना, भरभर ज्योत फेकणारा, त्याचीच कल्पना त्यानं चुलीवर आणली. वातच काढून टाकली. रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढतं, त्याची वाफ होते, ती बारीक भोकातून जोरानं सुटते आणि हवेत मिसळून निळी जळते. काजळी नाही. भांड्याला राख फासून ठेवणाऱ्या बाईला हे केवढं सुख असेल ते आपल्याला नाही कळायचं.

पुढे ॲमंडसेन 1911 त दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा प्रायमस त्याच्याबरोबर होता, आणि 1953 त एव्हरेस्टच्या मोहिमेतही. स्टॉकहोमातच 1899 त ऑप्टिमस सुरू झाला, त्याच धर्तीचे स्टो करायला. लॅटिनमध्ये एक म्हणजे पहिला, दुसरा म्हणजे सर्वांत उत्तम. धाकट्या भावानं जरा जास्तच मोठं नाव घेतलं म्हण.

आणि आता गंमत ऐक. 1962 त प्रायमसवाल्यांनी रॉकेलच्या स्टोंचा सगळा धंदाच ऑप्टिमसला विकून टाकला. म्हणजे इथे 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ तिकडे प्रायमस ऑप्टिमसच्या घरात गेला. आजीचा शब्द खरा झाला, फक्त काही वर्षं उशिरा. प्रायमस हे नाव अजून आहे म्हणतात, डोंगर चढणाऱ्यांच्या गॅसच्या शेगड्यांवर. आपल्या स्वयंपाकघरातून मात्र गेलं. 1965 त इंडेनचं सिलिंडर आलं, मग नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं आलं. मधल्या काळात वातीचा नूतन स्टो आला, इंडियन ऑइलचा. तो मुका. आजीला तो कधीच आवडला नाही. म्हणायची, पेटलाय की विझलाय ते वाकून बघावं लागतं.

तो आवाज आठवतो तुला? आपली ती घरमालकीण खालून ओरडायची, "विमान उतरलं काय रे वर?" वाटीत स्पिरिट ओतायचं, काडी लावायची, ते जळत येईपर्यंत थांबायचं, मग चावी बंद करून पंप. तुला थांबणं कधी जमलं नाही. बर्नर तापायच्या आधीच तू पंप मारलास, वाफेच्या जागी रॉकेलच वर उडालं आणि छतापर्यंत पिवळा जाळ! मी चावी सोडली म्हणून निभावलं. त्यानंतर महिनाभर वर्गात तू रुमाल कपाळावर बांधून बसायचास.

हसलो खरे, पण त्याच काळात पेपरात रोज ते एकच वाक्य असायचं, 'स्टोचा भडका उडून विवाहिता भाजली.' आई वाचायची आणि म्हणायची, "सासूच्या हातात कधी कसा भडकत नाही तो?" 1983 त सासरच्या छळाविरुद्ध आणि 1986 त हुंडाबळीविरुद्ध कायद्यात नवी कलमं घालावी लागली ती काही स्टोमुळे नव्हे. बिचाऱ्या पितळेनं माणसांचं पाप फार वाहिलं.

शुक्रवारच्या बाजारात कोपऱ्यावर बसणारा तो स्टोवाला आठवतो? न उघडता, नुसता आवाज ऐकून सांगायचा, "निपल गेलाय," नाहीतर "पंपाचा वायसर सुकलाय." त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी त्या पोराला वायसर विचारला तर त्यानं मला नळदुरुस्तीच्या दुकानात पाठवलं. तिथे रबराचा मिळाला. रबराचा कसा चालेल? चामड्याचाच हवा, खोबरेल तेलात मुरवलेला.

तर काम असं आहे. बेळगावात तुझ्या बाजूला जुन्या भांड्यांची दुकानं आहेत. एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे बघ. चामड्याचा वायसर एक आणि बर्नरचं भोक साफ करायच्या पिना मिळाल्या तर चार-पाच. वहिनींना सांगू नकोस कशासाठी ते, नाहीतर तुलाच घरी ठेवतील. तुळशीच्या लग्नाला येशील तेव्हा घेऊन ये. स्पिरिट मी आणून ठेवतो. पंप मी मारणार.

तुझा,
शाणू