बोंडअळीला 'सवय' झालेली नाही

संपादक महोदय, स. न.

बीटी कपाशीवर, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीवर, गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढला की 'अळीला बीटीची सवय झाली' हे वाक्य बातम्यांत हमखास येते. ते चुकीचे आहे. शिवाय या चुकीमुळे उपायांमागचे कारणच शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही. सवय लागायला जिवंत राहावे लागते. बीटीचे विष पोटात गेलेली, अंड्यातून नुकती निघालेली अळी मरते. मेलेलीला कसली सवय?

घडते ते असे. अळीच्या आतड्याच्या अस्तरावर कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. बीटीतले क्राय१एसी हे विष त्याला चिकटते आणि आतड्याला भोके पडतात. एखाद्या अळीत कॅडहेरिनचे जनुकच मोडके असेल तर विषाला चिकटायला जागा मिळत नाही. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांत हे जनुक एकाच ठिकाणी नव्हे, वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडलेले सापडले आहे. जनुकाची नक्कल उतरताना अशा चुका होतच असतात, विष असो वा नसो. विषाने फक्त बाकीच्या अळ्या मारल्या आणि मैदान मोकळे करून दिले. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

बदल आधी आणि विष नंतर, हे कशावरून? १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने जिवाणूंच्या वसाहतींवर मखमलीचे कापड दाबून त्यांचे ठसे स्ट्रेप्टोमायसीन हे जिवाणूनाशक औषध घातलेल्या बशीत उमटवले. तिथे तगलेल्या ठशांच्या जागा मूळ बशीत शोधल्या, तर औषधाचा स्पर्शही न झालेल्या त्या वसाहतींतून प्रतिकारक जिवाणू निघाले. 'उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिली?' असे विचारणाऱ्यांना ही बशी दाखवावी. (एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा विषय वगळल्यावरून २०२३ मध्ये बराच वाद झाला. कापूस पिकवणाऱ्या राज्यातल्या मुलांना तो बोंड फोडूनही शिकवता येईल.)

आता थोडा हिशेब. समजा, मोडक्या जनुकाचे प्रमाण हजारात एक आहे. मग आई आणि बाप दोघांकडून ते मिळालेली, म्हणजे पुरती प्रतिकारक अळी दहा लाखांत एक. एकाच बाजूने मिळालेल्या, म्हणजे 'वाहक' अळ्या हजारात साधारण दोन. विषाची मात्रा भरपूर असेल तर वाहक मरतात. तगलेल्या एकट्यादुकट्या पतंगाला जोडीदार साध्या कपाशीवर वाढलेला मिळाला, तर पिल्ले वाहक निघतात आणि पुढच्या बीटी बोंडात संपतात. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगरबीटीचा पुडा यायचा तो यासाठी. शेताभोवती अशा साध्या कपाशीच्या, म्हणजे 'आश्रया'च्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतले जे जास्त असेल ते, असा नियम होता. बहुतेक ठिकाणी तो पुडा पेरलाच गेला नाही. एकरभर कपाशीतला पाचवा हिस्सा अळीला खाऊ द्या, असे कारण न सांगता सांगितले तर कोण ऐकेल? आश्रयाच्या ओळी बीटीबरोबरच फुलायला हव्यात, नाहीतर पतंगांची गाठच पडत नाही, हेही फारसे कुणी सांगितले नाही.

बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. गुजरातेतल्या अमरेलीच्या २००८ च्या नमुन्यांत क्राय१एसीला प्रतिकार दिसला. २००६ मध्ये आलेले दोन विषांचे बोलगार्ड-२ वाणही टिकले नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रात या अळीने कपाशीचे काय केले, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

यात आपल्याकडची एक खास अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. आपला बीटी कापूस संकरित आहे. झाडात विषाचे जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. झाडाच्या पानांत विष असतेच, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. तिच्यात वाटणी होते. दोन जनुके असली तर १६ सरक्यांपैकी साधारण ९ मध्ये दोन्ही विषे, तीन-तीनमध्ये एकेक आणि एक सरकी कोरी. गुलाबी अळी बोंडात शिरून एका सरकीतून दुसरीत जाते, म्हणजे तिला अर्धवट मात्रा मिळते. भरपूर मात्रेत जे वाहक मेले असते ते इथे तगतात. सरळ (संकरित नसलेल्या) वाणांत सगळ्या सरक्यांत विष असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

हिरव्या बोंडअळीत असा झपाट्याने प्रतिकार का पसरला नाही? ती तूर, हरभरा, टोमॅटो काहीही खाते, त्यामुळे आश्रय आपोआप तयार होतो. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ कपाशीवरच.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी दहा वर्षे आश्रयाच्या ओळी पाळल्या. २००६ पासून त्यांच्या जागी विमानातून वंध्य पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने ही अळी तिथल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचे जाहीर केले. अळी तीच, बीटीही तेच.

आता फरदडीबद्दल, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीबद्दल. पीक जुने होईल तसे झाडातले विषाचे प्रमाण उतरते. जानेवारीत ओलित देऊन कपाशी राखली की कमी मात्रेत अळीची आणखी एखाददुसरी पिढी निघते, आणि ती सगळी हंगामभर गाळून उरलेल्यांची. यातल्या शेवटच्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत निजतात. काही उभ्या पऱ्हाटीवरच्या (वेचणी झालेल्या कपाशीच्या झाडांवरच्या) किडक्या बोंडांत, तर काही कवडी (किडक्या) कापसाबरोबर सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारात. जून-जुलैत पतंग निघतात ते याच सरक्यांतून. म्हणून पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटायची, बांधावर गंजी लावून ठेवायची नाही, आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) शेतापेक्षाही आधी जिनिंगच्या आवारात लावायचे.

– कृषी कीटकशास्त्राचा एक अभ्यासक, अकोला