ईसा, येशू आणि मसीहा

महोदय,
नाताळ जवळ आला की 'मुसलमान येशूला मानत नाहीत' हे वाक्य हमखास कानावर पडते. ते साफ चुकीचे आहे आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी इतके अज्ञान असावे याचे वाईट वाटते. कुराणात ईसाला, म्हणजे येशूला, 'मसीह' (देवाने अभिषेक केलेला, म्हणजेच ख्रिस्त) हीच पदवी आहे आणि १९ व्या सूरेला (अध्यायाला) त्याच्या आईचे, मरियमचे नाव आहे. प्रसूतीच्या कळा असह्य होऊन ती एकटी खजुराच्या बुंध्याशी येते, 'याआधीच मेले असते तर बरे' म्हणते. तेव्हा बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, असा तिला दिलासा मिळतो. हा प्रसंग वाचताना माझा गळा दाटून येतो.

फरक आहे तो पुढे. ख्रिस्ती श्रद्धेत येशू देवाचा पुत्र, क्रूसावर मरून उठलेला. बहुतेक मुसलमानांच्या मते तो पैगंबर, पण माणूसच. क्रूसावर मेला नाही, अल्लाहने त्याला वर उचलले आणि दज्जालचा, म्हणजे शेवटच्या काळातल्या खोट्या मसीहाचा, नाश करायला तो परत येईल. हदीसनुसार, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेनुसार, तो दमास्कसला, पांढऱ्या मिनाराजवळ उतरेल. तिथल्या उमय्यद मशिदीच्या एका मिनाराला ईसाचेच नाव आहे.

ज्यूंचा मसीहा अजून यायचाच आहे. त्याची वर्दी एलिया हा प्राचीन संदेष्टा देणार. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू याच एलियाच्या नावाने पोह्या-खोबऱ्याचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याचे स्थानही आहे. नाताळच्या पुरवणीत यंदा मरियमच्या सूरेलाही जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, अलिबाग