काकूंच्या मनगटाबद्दल

दापोली
२० जुलै

प्रिय सुहास,

काल तुझा फोन आला तेव्हा ओपीडी भरलेली होती, नीट बोलता आलं नाही. काकूंचं मनगट बसवून प्लास्टर घातलंय, बोटं हलताहेत, सूज उतरतेय. सहा आठवड्यांत हात सुटेल. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, ‘हातावर निभावलं.’ ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

मी इथे प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा हाडं मोडून यायचे ते माडावरून नाहीतर आंब्यावरून पडलेले गडी. तिशी-चाळिशीतले, कुणाची मांडी, कुणाचा मणका. एवढ्या उंचीवरून कुणीही मोडेल. ते अजूनही येतात. पण आता वॉर्डात जास्त खाटा असतात त्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या. कुठून पडलात विचारलं की म्हणतात, ‘कुठून नाही हो, उभीच होते.’ उभ्या माणसाचं नुसतं पडून हाड मोडतं, तेव्हा ते आतून आधीच विरळ झालेलं असतं.

काकू खळ्यात शेवाळावरून घसरल्या, पुढे पडल्या आणि हात टेकला. अब्राहम कॉलिस या डब्लिनच्या सर्जनने १८१४ साली हेच फ्रॅक्चर लिहून ठेवलंय, एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी. मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. काकूंचा हात अगदी तसा दिसत होता. पन्नाशी-साठीत चाल झपझप असते, हात वेळेवर पुढे येतो, म्हणून मनगट जातं. पंचाहत्तरीनंतर पाऊल मंदावतं, माणूस कुशीवर कोसळतो, हात पोचत नाही आणि सगळा भार खुब्यावर येतो. मधल्या वर्षांत मणके दबतात, ते बहुतेकदा कळतही नाही. कळशी उचलताना कमरेत चमक भरते, चार दिवस तेल चोळतात. मग उंची घटते, साडी पायात यायला लागते आणि घरचे म्हणतात, वयाने वाकली.

माझ्या आईचं मनगट बासष्टाव्या वर्षी मोडलं. प्लास्टर मीच घातलं, मीच काढलं आणि विषय संपला असं समजलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तिचा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, बॉल बदलला, तिसऱ्या दिवशी वॉकरवर उभी केली. पण पाखाडी उतरून देवळात ती पुन्हा गेली नाही. मधली बारा वर्षं माझ्या हातात होती, सुहास. तुझ्या हातात अजून आहेत.

अमेरिकेत खुब्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण, वयाचा हिशेब धरला तर, १९९५ नंतर उतरत गेलं. म्हणजे हे म्हातारपणाला चिकटलेलं भागधेय नव्हे.

प्लास्टर निघालं की काकूंना मुंबईला ने आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करून घे. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त आहे तो आकडा. तो उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार. स्कोअर थोडा बरा आला तरी मनगट मोडलंय हे डॉक्टरांना ठासून सांग. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्याही हव्यात. अ‍ॅलेंड्रोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध लिहून दिलं तर आठवड्यातून एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेतली तर फुकट. वर्षानुवर्षं न विचारता चालूही ठेवायची नाही. फार लांबली तर क्वचित मांडीचं हाडच तडकतं. काकूंची नाचणीची भाकरी सुटली असेल तर परत सुरू कर. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

आणि घर बघ. सारवलेल्या जमिनीवर पाय धरायचा. तू हौसेने बसवलेली चकचकीत टाइल ओल्या पायाला धरत नाही. रात्री लघवीला उठताना पडवीत दिवा नसतो, वर त्यांची बीपीची गोळी, एकदम उठलं की चक्कर. मोतीबिंदूही पिकलाय, मला वाटतं.

रविवारी मी गवंड्याला घेऊन काकूंकडे जातोय. न्हाणीघरात दोन दांडे बसवू, बाहेरच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घेऊ. दांडे कमोडच्या उजवीकडे हवेत की डावीकडे, हे त्यांना विचारून त्याआधी कळव.

तुझा,
विनय