सोल–जेजू सहल : निघण्यापूर्वी एवढं वाचाच

सर्व सभासदांना नमस्कार. सोलमधला १३९५ सालचा ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि चांगदोकगुंग सोमवारी, म्हणून मंगळवारी चांगदोकगुंगच पाहायचा आहे. तिथल्या मागच्या राजबागेचं तिकीट वेगळं असतं. पारंपरिक हानबोक घातला की राजवाड्यात प्रवेश फुकट; हौस असेल त्यांनी भाड्याने जरूर घ्यावा, फोटोही झकास येतात.

जेजूचं विमान इंचॉनहून नाही, गिंपोहून आहे. चुकीच्या विमानतळावर गेलात तर विमान हुकलंच म्हणून समजा! ‘जेजूला व्हिसा लागत नाही’ यावर विसंबू नका. आपण सोलमार्गे जातोय, त्यामुळे कोरियाचा व्हिसा हवाच.

ज्वालामुखीतून घडलेल्या या बेटावर सोंगसान इल्चुलबोंगच्या विवरापर्यंत चांगल्याच पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खालीच थांबून हेन्यो, म्हणजे ऑक्सिजनच्या टाकीशिवाय समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, पाहाव्यात. हाल्लासानच्या (१,९४७ मीटर) शिखरावर जाणाऱ्यांनी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी.

शाकाहारी मंडळींनो, किमचीतसुद्धा (कोबी वगैरे आंबवून केलेलं कोरियन तोंडीलावणं) बहुधा मासळीचं खारवण असतं. दशम्या, चटणी, मेतकूट सोबत घ्या.

पासपोर्टची प्रत रविवारपर्यंत सचिवांकडे द्यावी.