शेतमाल नाशवंत, आणि ड्रायव्हर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांच्याही गाडी चालवण्याच्या तासांना मर्यादा हवी, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी 2021 मध्ये सुचवले होते. हा विषय निघाला की ‘शेतमालाच्या गाड्या तेवढ्या वगळा’ अशी पुस्ती कोणीतरी जोडतोच, आणि तीही आम्हा शेतकऱ्यांच्या नावाने. मी निफाड तालुक्यात टोमॅटो पिकवतो. माझ्या नावावर ही सूट कोणी मागू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

दाखला अमेरिकेचा दिला जातो. तिथे शेतमालाच्या ट्रकला अशी सूट आहे, हे खरे. पण ती कशी आहे तेही सांगावे. माल जिथे भरला तिथून 150 हवाई मैलांच्या, म्हणजे सुमारे 278 किलोमीटरच्या परिघातच ती चालते. तीसुद्धा त्या त्या राज्याने ठरवलेल्या पेरणी-कापणीच्या हंगामात. परिघाबाहेर पडले की घड्याळ सुरू होते: सलग दहा तास विश्रांती घेतल्याशिवाय पुढचे अकरा तास चालवता येत नाहीत. 2017 च्या डिसेंबरपासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये हे तास नोंदवणारे यंत्र सक्तीचे आहे. तिथे आधी मोजणी आहे, म्हणून सूट आहे. आपल्याकडे मोजतो कोण?

कायदा नाही असे मुळीच नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने (तो नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला) दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ठरवले, लांबच्या मार्गांवर परवानगीने दहा आणि 54. मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने तेच तास प्रत्येक व्यावसायिक वाहनाच्या चालकाला लावले. त्याच कलमात सूट द्यायची सोयही आहे, पण आणीबाणीसाठी किंवा आधी कळू न शकणाऱ्या खोळंब्यासाठी. टोमॅटोचा हंगाम दरवर्षी पावसाळ्यात येतो आणि द्राक्षाचा उन्हाळ्याच्या तोंडावर. यात आधी न कळण्यासारखे काय आहे?

शिवाय शेतमाल म्हणजे नेमके काय? पालेभाजीला एक रात्र जड जाते, हे मान्य. उन्हाळ कांदा मात्र साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने राहतो. तोच कांदा ट्रकमध्ये चढला की त्याला ड्रायव्हरची सहा तासांची झोप सोसत नाही, हे मला पटत नाही. कापूस आणि सोयाबीनबद्दल तर बोलायलाच नको.

वेळ जातो तो चाकावर नव्हे. दुपारी बोलावलेली गाडी व्यापाऱ्याच्या गाळ्यापुढे उभी राहते. लिलाव, प्रतवारी, क्रेट भरणे, हमालांची वाट पाहणे यात रात्रीचे आठ-नऊ वाजतात. मग त्याच ड्रायव्हरला सांगायचे, पहाटेच्या बाजाराला माल लागला पाहिजे, नाहीतर भाडे कापू. दुपारपासून ताटकळलेला माणूस रात्री कसारा घाट उतरतो, भिवंडीच्या कोंडीत अडकतो आणि बाजाराच्या दारात पुन्हा रांगेला लागतो. तिथेही गाडी खोळंबतेच. 1961 च्या कायद्यात टर्मिनलवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी नुसते थांबणे कामाच्या तासांत धरले होते. पाच-सहा तासांच्या थांबण्याला मात्र कोणी वाली नाही. आणि वाया गेलेला हा वेळ भरून निघतो तो ड्रायव्हरच्या झोपेतून. सूट दिली तर हेच कायदेशीर होईल.

नाशवंत मालाला सवलत नको असे मी म्हणत नाही. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, तेव्हा दूध-भाजीपाल्याच्या गाड्यांना मुभा मिळते. ती योग्यच आहे, कारण ती गाडीला असते, ड्रायव्हरच्या तासांना नव्हे. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हेही चांगलेच. (ती गाडी लावून झोपायला सुरक्षित जागा कुठे आहे, हे विचारू नये.)

सरकारला काही करायचेच असेल तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, गाडी भरायला लागल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ लिहिणे सक्तीचे करावे. ठरावीक तासांपुढचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, ज्याच्या दारात गाडी उभी राहिली, त्याच्याकडून वसूल व्हावे. एकदा खिशाला चाट बसली की हमालही वेळेवर सापडतील. आणि दिल्लीकडे बाराशे-तेराशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेतच. दुसऱ्याचा पगार शेवटी आमच्याच पट्टीतून, म्हणजे मालाच्या पैशांतून, कापला जाणार, हे आम्हाला ठाऊक आहे. क्रेटमागे किती पडतो तेवढे व्यापाऱ्यांनी आधी सांगावे.

– एक टोमॅटो उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक