वजन उतरलं म्हणून आम्ही खुश होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हार्ट पेशंटने काय खावं यावर तुमच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी येतंच, मीठ कमी करा, तेल कमी करा, भाज्या-फळं खा, सगळं बरोबरच आहे हो, पण माणसाला खायचीच इच्छा नसेल तर काय करायचं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय रक्त पुरेसं पंप करत नाही. अंगात पाणी साठतंय का ते कळावं म्हणून रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, ते काम माझ्याकडे. मागच्या वर्षी दोन महिने आकडा हळूहळू खाली येत होता, आम्हाला वाटलं पाण्याची गोळी (साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी) लागू पडली, डॉक्टरही वही बघून छान म्हणाले. खरं म्हणजे बाबा जेवतच नव्हते. ताटात चमचा फिरवायचे, दोन घास खायचे आणि 'झालं माझं' म्हणून उठायचे. आम्हाला वाटलं अळणी जेवणाचा कंटाळा, म्हणून आम्ही अजूनच मागे लागलो, मिठाची बरणीसुद्धा लपवली (आता लाज वाटते). त्यांनी रेडिओ लावणं कधी सोडलं ते मात्र एकाच्याही लक्षात आलं नाही.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमनी विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं होतं का, उदास किंवा हताश वाटतं का. बाबा म्हणाले, "जेवून करायचंय काय?"

हे दोन प्रश्न काही नवीन नाहीत, हार्ट पेशंटना ते विचारा असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ सालीच सांगितलंय. साधारण पाचातल्या एका हार्ट पेशंटला डिप्रेशन असतं. पण थकवा, झोप उडणं, भूक मरणं हे हार्टमुळेही होतं आणि डिप्रेशनमुळेही, त्यामुळे सगळं हार्टच्या खात्यावर जातं.

उलट बाजूनेही बघा, खाण्याने डिप्रेशनवर फरक पडतो का ते. ऑस्ट्रेलियात डिप्रेशनच्या ६७ लोकांवर एक छोटा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. १२ आठवडे आहारतज्ज्ञाच्या मदतीने भाज्या, डाळी-कडधान्यं, मासे असं खाल्लेल्यांपैकी ३२ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, नुसती गप्पांची सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के. ते हार्ट पेशंट नव्हते आणि नुसत्या खाण्यावर भागेल असं मी म्हणतच नाहीये, बाबांना गोळी आणि काउन्सेलिंग दोन्ही लागलं. ओमेगा-३ च्या (माशाच्या तेलात असतं ते) कॅप्सूल सुचवणारे नातेवाईकही ढीगभर भेटले, पण हार्ट पेशंटना डिप्रेशनच्या गोळीबरोबर ओमेगा-३ देऊन २००९ च्या एका अभ्यासात काही जास्तीचा फायदा दिसला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच, डाएट चार्ट हातात देताना ते दोन प्रश्नही विचारा, एक मिनिट लागतं. आणि घरच्यांनो, ताटावर पहारा देऊ नका.

वहीत आता वजनाशेजारी अजून एक रकाना आहे, 'जेवण किती झालं'. तो बाबा स्वतः भरतात. बरेचदा खोटं भरतात, पण भरतात.

आपला,
एका हार्ट पेशंटचा मुलगा